एव्हलिनला शिकागो कुणी दाखवायचं

शिकागो
शुक्रवार, ९ मे

क्लिफ्टन,

वर ‘प्रिय’ लिहावं की नाही या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतंच नाव लिहिलंय. तू बरा असशील. मी ठीक आहे. सरोवरावरचा वारा अजून हिवाळ्यातलाच आहे, पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुंड्या बाहेर काढल्यात. म्हणजे उन्हाळा आला असं धरून चालायचं.

आठ महिन्यांनी लिहितेय ते कामासाठी. उगाच गोड बोलत नाही. माझी धाकटी बहीण एव्हलिन पुढच्या महिन्यात ओमाहाहून येतेय, चार दिवसांसाठी. पन्नास वर्षांत ती इथे एकदाच आली, माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला. तेव्हा तिनं चर्च पाहिलं, दफनभूमी पाहिली आणि परत गेली. म्हणून यावेळी मी पक्की यादी केलीय. पहिल्या दिवशी नदीवरची आपली पर्यटकांची बोट. शनिवारी सकाळी शिडाच्या होड्यांसाठी एकेक करून पूल उचलतात, ते बघायला ती हवीच. कामावर जाणारे आपण तिथे खोळंबून शिव्या घालतो आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. मग डोक्यावरून धावणाऱ्या गाडीची एक पूर्ण फेरी, पहिल्या डब्यात, पुढच्या काचेशी उभं राहून. काचघरातली नेची. रश्शात बुडवलेलं बीफ सँडविच. आणि एक अख्खी संध्याकाळ पाण्याच्या काठाला, काहीही न करता.

हे सगळं तिला तू दाखवावंस अशी विनंती आहे. माझा गुडघा दुखतो.

एव्हलिन शिकागो बघायला येत नाहीये, हे तुला सांगायला हवं. ती मला बघायला येतेय. फोनवर मी तिला एकच बातमी तीनदा सांगितली म्हणे. तिनं तिच्या घरातली मागची खोली रंगवून घेतलीय. कुणासाठी ते विचारलं तर म्हणाली, “अशीच.” अशीच कुणी खोली रंगवतं का? मला ओमाहाला जायचं नाही, क्लिफ्टन. तिथे माझं काही वाईट होणार नाही, पण काहीच होणार नाही. म्हणून तू पुढे चाल, तू बोल, मी मागून येईन. चार दिवस तिला काही दिसलं नाही म्हणजे झालं. तिनं विचारलंच तर सांग, की बर्नी अगदी ठणठणीत आहे.

मागच्या सप्टेंबरबद्दल लिहिणार नव्हते. वर्षातून एकदा आपल्यातलाच एक गाइड न सांगता बोटीवर चढतो आणि दुसऱ्याची परीक्षा घेतो, हा नियम मला मान्य होता. मी स्वतः अकरा जणांच्या परीक्षा घेतल्यात. नदीच्या दक्षिण फाट्यावर बोट वळली. आपण लोकांकडे तोंड करून उभे राहतो, त्यामुळे डावं-उजवं आधीच मनात उलटं करावं लागतं आणि बोट वळली की पुन्हा एकदा. एकोणीस वर्षं मी ते झोपेतही केलं असतं. त्या दिवशी केलं नाही. वीस मिनिटं मी भलत्याच काठाच्या इमारती सांगत होते आणि ओहायोची ती भली माणसं मी म्हणेन तिकडे माना वळवत होती. तू मागच्या बाकावर कागद घेऊन बसला होतास. तू तो कागद कोरा ठेवू शकला असतास. निदान आधी माझ्याशी बोलू शकला असतास. बोट काढून घेतल्याचं मला कळलं ते ऑफिसच्या पत्रातून.

असो. नाही म्हणालास तर दुसरं कुणी नाही मला.

बर्निस

ता.क. गुडघा उत्तम आहे.


शिकागो
सोमवार, १६ जून

प्रिय क्लिफ्टन,

एव्हलिन काल ओमाहाला सुखरूप पोचली. तिनं शेजारणींना पुलांचे फोटो दाखवले म्हणे, बासष्ट. त्यांच्यापैकी एकीनं विचारलं, “पूल नादुरुस्त होते का?”

तू समोर असताना मला हे बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

बोटीवर मी गप्प बसायचं ठरवलं होतं. एव्हलिन शेजारी, माइक तुझ्या हातात, ऊन छान. मग बोट वळली आणि मी उभी कशी राहिले ते मला अजून आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगत होते, “आणि हे लाल विटांचं गोदाम बघा.” समोर चाळीस मजली काच होती. सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या. त्या माना मी सप्टेंबरातही पाहिल्या होत्या.

तू माइकवर म्हणालास, “बाई बरोबर सांगतायत. गोदाम होतंच इथं. पाडून तीस वर्षं झाली, पण त्यांच्याइतकं नीट ते कुणाला दाखवता येत नाही. सांगा बाई, आत काय ठेवायचे?”

आणि मी सांगितलं. बर्फाच्या लाद्या, सफरचंदांच्या पेट्या, आणि थंडीनं कान दुखतात म्हणून जुलैत लोकरीची टोपी घालणारे हमाल. लोकांनी त्या काचेचे फोटो काढले. एव्हलिननं काढला नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मग सँडविचचं दुकान. ती बिचारी ते बशीत घेऊन खुर्चीवर बसायला निघाली. तू म्हणालास, “अहो, पाय मागे, कोपरं टेबलावर, आणि वाका पुढे. बसून खाल्लंत तर तो रस्सा तुमच्या ब्लाउजवरून ओमाहापर्यंत जाईल.” ती हसली, वाकली, एक घास खाल्ला आणि तशीच वाकलेली असताना तिनं तुला विचारलं, “कधीपासून आहे हिला हे?”

ठणठणीत आहे असं सांगायला मी तुला लिहिलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, “हे बर्नी सांगेल.”

त्या क्षणी तुझा फार राग आला. दुसऱ्यांदा आला. पण मग मी सांगितलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी या आजाराला दिलेलं नाव, गोळ्या, चुकलेला रस्ता, शेगडीवर जळालेली दोन पातेली, सगळं. तुलाही ते तेव्हाच कळलं, पण तू तर आधीपासूनच ओळखून होतास. एव्हलिन रडायला लागली, आणि सँडविच खाली ठेवलं तर सुटून पडेल म्हणून ते हातात धरूनच रडली.

“पिवळा रंग दिलाय गं खोलीला,” ती म्हणाली. “तुला आवडतो म्हणून.”

त्यावर तू बोललास. “खोली चांगलीच असणार. पण ओमाहात ही रस्ता चुकली, तर हिला ओळखतं कोण? इथं पुलावरच्या माणसापासून बोटवाल्यांपर्यंत सगळे हिला नावानं हाक मारतात. दर सोमवारी आणि गुरुवारी मी येईन. रोज संध्याकाळी तुम्ही फोन करा. पहिला बर्फ पडला की परत या, मग तिघं बसून ठरवू.”

एव्हलिन ‘हो’ लगेच म्हणाली नाही. तिनं आधी ते सँडविच संपवलं. पण म्हणाली. काल विमानतळावर ती माझ्या कानात म्हणाली, की इतकी वर्षं तिला वाटायचं मी या शहरात एकटी आहे.

आता मुद्द्याचं. बोट माझ्याकडून गेली ती तुझ्यामुळे, असं मी आठ महिने घोकलं. पण त्या कागदामुळेच मी डॉक्टरांकडे गेले, नाहीतर अजून काठ बदलत बसले असते. माझ्यात काय बिघडलंय ते तू माझ्या आधी पाहिलंस आणि मी तुझं तोंड बघणार नाही हे माहीत असून खरं तेच लिहिलंस. वर मी बोलावल्यावर एका शब्दानं न विचारता आलास. असा मित्र मला चुकून मिळाला असेल, पण मिळाला.

हे पत्र जपून ठेव. डॉक्टर म्हणतात, एक दिवस असा येईल की तू दारात उभा असशील आणि मी विचारेन, “आपण कोण?” तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस आणि परत जाऊ नकोस. नाव सांग आणि आत ये. तुझे आभार मी आजच मानून ठेवतेय, कुणाचे मानायचे हे मला नीट ठाऊक आहे तोवर.

तुझी,
बर्नी