पठार स्थिर असल्याचा दाखला, नाहीतर एक गुण

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, अहमदपूर, जि. लातूर.

अर्जदार : बजरंग शेषेराव टेकाळे, वय ४६, एस.टी. गाड्यांचा मेकॅनिक, रा. मौजे वडाची टाकळी, ता. अहमदपूर.

विषय : इयत्ता नववीच्या भूगोल चाचणीत कापलेला एक गुण परत मिळणेबाबत, ते जमत नसल्यास दख्खनचे पठार स्थिर असल्याचा सही-शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर चाचणी, प्रश्न २ (इ). २) दि. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, माझी कन्या कु. सुकन्या हिला विसापैकी एकोणीस गुण पडले. एकोणीस काही थोडे नाहीत, तिच्या वयात मला नऊ पडले तरी घरात पेढे वाटत. पण विसावा गुण ज्या कारणाने कापला, ते कारण ऐकून घ्यावे. प्रश्न होता : 'दख्खनचे पठार स्थिर असल्याने तेथे भूकंप होत नाहीत. चूक की बरोबर, सकारण लिहा.' सुकन्याने लिहिले : 'चूक. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकून आशियाच्या भूपट्टाला रेटतो. तो ताण पठाराच्या पोटातही साठतो. विश्वास नसल्यास आमच्या आजीला विचारावे.' यावर लाल फुली. आजीला कोणी विचारले नाही.

२. भूगोलाचे शिक्षक उद्धव सर सज्जन माणूस आहेत. ते म्हणाले, "बजरंगराव, पोरीचं बरोबर हाय, पण छापील उत्तरसूचीत 'बरोबर' हाय. माझ्या हातात काय हाय?" कोण बरोबर आणि कशाचे बरोबर, हे समजायला मला चहा होईपर्यंत वेळ लागला.

३. भूपट्टाच्या कडेला भूकंप आणि ज्वालामुखी जास्त, हे पुस्तकात आहे आणि ते मला मान्य आहे. पण मी चोवीस वर्षे बसगाड्यांखाली झोपून काम करत आहे. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा दर वेळी टोकालाच मोडतो असे नाही. वरून ओझे, खालून खड्डे, आणि एके दिवशी मधोमध कडाड. वरून बघणाऱ्याला तो आदल्या दिवसापर्यंत स्थिरच दिसतो. मोडका पाटा सोबत पाठवला आहे, पाहून परत करावा, भंगाराच्या नोंदीत आहे.

४. आता मूळ दुखणे. माझी आई कस्तुराबाई, वय ७४. संदर्भ २ मधल्या भूकंपाच्या वेळी आम्ही औसा तालुक्यात राहत होतो, दगडामातीच्या भिंती आणि वर मातीचे जड छत, म्हणजे माळवद. मी चौदा वर्षांचा होतो. माझी चुलती धोंडाबाई त्या माळवदाखाली गाडली गेली. त्या दिवसापासून आई पक्क्या छताखाली निजलेली नाही. मी स्लॅबचे घर बांधले, आतून रंग दिला, पंखा लावला. आई मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. थंडीत तिचा खोकला आम्हाला आत ऐकू येतो आणि लाज वाटते, साहेब.

५. लाल फुलीची बातमी तिच्या कानावर गेली. ती म्हणाली, "हाव का? जमीन हालतच न्हाई म्हणतेत? मग साहेबाची सही आण. गोल शिक्का पाहिजे. आज आत येते." मी आधी तलाठी अप्पांकडे गेलो. ते म्हणाले, सातबाऱ्यावर जमीन जिरायत की बागायत एवढाच रकाना आहे, स्थिर की अस्थिर हा नाही. म्हणून आपल्याकडे आलो.

६. दरम्यान आईच्या मागण्या वाढल्या. आपला काळा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे, असे सुकन्याने तिला सांगून ठेवले होते. त्यामुळे (अ) तो लाव्हा पूर्ण विझल्याचा वेगळा दाखला, आणि (ब) भूपट्टाने सरकायचे तर दिवसा, माणसे जागी असताना सरकावे, अशी त्याला लेखी ताकीद, हेही पाहिजे. (ब) आपल्या अधिकारात येत नसल्यास तसे कळवावे.

७. शेजारी वीरभद्र यानेही संधी साधली. बत्तीस वर्षांत पाच सेंटीमीटरप्रमाणे सव्वापाच फूट होतात, तेव्हा माझ्या शेतात आलेला बांध त्याने नव्हे, भूपट्टाने सरकवला, असे तो चावडीवर सांगत सुटला. सुकन्याने त्याला तिथेच सांगितले, "काका, दोन्ही शेतं एकाच भूपट्टावर हायेत. सरकली तर संगटच सरकतील, बांध एकटाच कामून येईल?" वीरभद्र सध्या आमच्या दारावरून जात नाही. एवढ्या उत्तराला खरे तर दोन गुण पाहिजेत.

८. आपली अडचण मी जाणतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. उत्तरसूची खरी असेल तर दाखल्यावर सही करावी. सही करायला हात धजत नसेल तर गुण द्यावा. तिसरी वाट मला सापडली नाही.

९. खरे सांगतो, मला दाखलाच हवा होता. सुकन्याही म्हणाली, "पप्पा, गुण गेला तर जाऊ द्या. दाखला आणा, आजी आत येईल." तिला माहीत आहे की दाखला खोटा असेल. तिने आधीच धान्याच्या कोठ्या माळ्यावरून खाली घेतल्या, कपाट भिंतीला पट्टीने आवळले, आजीची खाट दाराजवळ मोकळ्या जागेत लावली आणि दारापर्यंतची वाट रिकामी केली. आईने उंबऱ्यात उभे राहून ते सगळे पाहिले, आमचे बोलणेही ऐकले, आणि माझ्यावरच भडकली : "मेल्या, पोरीला खोटं पाडून मला आत नेतोस? हालत न्हाई म्हणणाऱ्याच्या सहीवर मला झोप न्हाई लागायची. जी पोरगी जमीन हालती म्हणून कपाट बांधून ठिवती, तिच्याजवळ लागंल. आमच्या वक्ताला असं सांगणारं कुणी नव्हतं रे. आधी तिच्या पेपरावरली ती लाल फुली काढ. मग मी आत येते."

१०. सबब, दाखल्याची मागणी मी या अर्जातच मागे घेतो. वर खोडले नाही, कारण कागद एकच होता. फक्त एक गुण द्यावा.

आपल्या लाल शाईच्या एका दुरुस्तीकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही) बजरंग शेषेराव टेकाळे
दि. १४ ऑगस्ट २०२५

सोबत : १) उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. २) स्प्रिंगचा मोडका पाटा, नग एक. ३) कस्तुराबाईंचा अंगठा, परिच्छेद ९ खरा असल्याबद्दल.

ता.क. : आज सकाळी आईने तिची उशी आतल्या खाटेवर नेऊन ठेवली. फक्त उशी. ती स्वतः अजून शेडमध्येच आहे, तरी निर्णय थंडीच्या आत व्हावा.