चक्रवाक उडून गेल्यावर

वर्धा, रविवार

मायच्या पायांवर दामिनीचं डोकं.

बाबा बरे आहेत, नीट जेवतात. फोनवर बोलताना ते शेजारीच असतात, म्हणून हे लिहिते. एकटीच वाच.

आज पक्षी पाहणाऱ्या मंडळींसोबत त्यांना धाम नदीवर नेलं. काठच्या बागेत मंडळींनी चिमण्यांसाठी ज्वारीची कणसं टांगली होती, तू दारावर बांधतेस तशीच. बाबांनी ती चाचपून पाहिली.

"तुह्या मायनं बांधले का यंदा?"

बांधलीस का?

पाण्यावर चक्रवाक उतरले होते. मंडळींतल्या मोहिनीताईंनी दुर्बीण बाबांच्या हातात देईपर्यंत ते उडून गेले. बाबा रिकाम्या पाण्याकडे दुर्बीण लावून बराच वेळ उभे राहिले.

"गंज पाखरं हायेत, पोरी, मोजता येत नाई. मायले सांगजो, मले दिसून राह्यले."



डॉक्टरांनी डोळ्यांचं औषध बंद केलं आहे. उरलेली नजरही जाईल म्हणतात. पुढच्या बुधवारी त्यांना घेऊन येते. माय, घरातलं काही हलवू नको. बाज, रांजण, चुलीजवळचा पाट, सारं आहे तिथेच राहू दे.

तुझी,
दामिनी