पिदियोच्या जागी

प्रिय नेनिता,

दुपारी डोळा लागला की अजून माझ्या शाळेच्या वर्गातला तो आवाज ऐकू येतो. सगळी मुलं एका सुरात समुद्राची कविता म्हणताहेत, आणि सगळ्यांची ओळ संपली की मागून एकट्याची येते. आपल्या पिदियोची. तापात कान गेलेले. शेजारच्या मुलाच्या ओठांकडे बघून म्हणायचा, म्हणून कायम एक ओळ मागे. पोरं हसायची. मला मात्र ती उशिरा आलेली ओळ ऐकल्याशिवाय कविता पुरी झाल्यासारखी वाटायची नाही. लाट फुटून गेल्यावर वाळूत पाणी मुरतं ना, तशी ती यायची.

धक्क्यावर त्या संध्याकाळीही तो एक ओळ मागेच होता. सार्जंट जेरिक पाठीमागून "थांब" म्हणून ओरडला, माझा लेक, तुझा नवरा, मासळीची टोपली घेऊन चालतच राहिला, आणि गोळी सुटली. पिदियो गेला; ज्याचा पाठलाग चालला होता तो चोर तिसराच होता. चौकशीवाल्यांचा निकाल तुला पाठ असेल: सार्जंटचा दोष नाही, प्रशिक्षण अपुरं. तू परत हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळायला गेलीस, आणि मी त्या दोन शब्दांपाशी बसून राहिलो. अपुरं प्रशिक्षण. बरं, म्हटलं, मग पुरं करू या.

नगरपरिषदेच्या सभेत मीच उठलो. गावाने खर्च करावा, इलोइलो शहरातून चांगले शिक्षक आणावेत, आपल्या पोलिसांना माणसांशी वागायला शिकवावं, आणि संशयिताचं सोंग गावातल्याच माणसांनी घ्यावं. शेवटच्या परीक्षेत त्या सोंगाड्यालाच विचारायचं, तुला माणसासारखं वागवलं का? तो नाही म्हणाला, तर त्या पोलिसाला या गावात नेमणूक नाही. महापौरबाईंना रडू आलं. "मास्तर, केवढं मोठं मन तुमचं!" बाजारात अजून लोक मला बघून मान लववतात. मासेवाली लुमेन तेवढी म्हणाली, "मास्तर, क्षमा करणाऱ्याच्या तोंडावर असं हसू नसतं हो." तिच्याकडून मी त्या दिवशी घासाघीस न करता बांगडे घेतले.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. जेरिकने मला अडवायचं, हात पुढे करायला सांगायचं आणि ते तपासायचे. मी म्हाताऱ्याने हात पुढे केला, आणि लहानपणापासून मुरलेली सवय कुठे जाते, त्याने तो धरला, वाकला आणि आशीर्वादासाठी स्वतःच्या कपाळाला लावायला गेला! सगळं मैदान हसलं. शिक्षिका कॅप्टन तेरेसिता ओरडल्या, "अरे, बेड्या घालायच्यात, की लग्न ठरवायला आलायस?" मी हात हिसकून घेतला. वडीलधाऱ्याने भर चारचौघांत हात काढून घेणं म्हणजे काय, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्याचे कान लाल झाले. नेनिता, मला त्या रात्री किती गाढ झोप लागली म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनना म्हणालो, मी बहिऱ्याचं सोंग घेतो. रोज टोपली घेऊन त्याच्याकडे पाठ करून चालायचो. त्याने ओरडायचं, मी चालत राहायचं. मग त्याने वळसा घालून समोर यायचं, रिकामे तळवे दाखवायचे, माझ्या डोळ्यांत बघायचं आणि खुणेने विचारायचं. डोळ्यांत बघितल्याशिवाय सुटका नाही. उन्हात घामाघूम व्हायचा तो. "झालं ना, मास्तर?" म्हणायचा, आणि मी म्हणायचो, "पुन्हा." वर्गात तोंडपाठ होईपर्यंत म्हणून घ्यायचो, तसंच. पिदियोची चाल मला इतकी जमायला लागली, की धक्क्यावरून घरी येतानाही मी तशीच चालतो.

आणि खरं सांगायचं तर काल त्याने सगळं चोख केलं. आवाज नाही, घाई नाही. समोर आला, तळवे उघडे, नजर माझ्या नजरेत. पुढे माझी टोपली स्वतः उचलून घेतली, जे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणूनच हे पत्र. फोनवर तू माझ्या आवाजावरून ओळखलं असतंस. उद्या सकाळी शेवटची परीक्षा आहे. मला विचारतील, माणसासारखं वागवलं का? आणि त्याने कितीही चोख केलं तरी मी नाही म्हणणार आहे. गाव मला देवमाणूस समजतं. निदान एका माणसाला तरी मी कसा आहे ते ठाऊक असावं. तू नको म्हणशील, हे मला माहीत आहे. पत्र मी परीक्षा झाल्यावरच टपालात टाकीन.

तुझाच, आणि त्याहून पिदियोचा,
ताताय

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर फाटकाशी कुणीतरी हाक मारली. जेरिकची बायको, माईलीन. हातात झाकलेली ताटली. रदबदलीला आली, म्हणून मी मनातल्या मनात नकार घोटून ठेवला. मी खिडकीतूनच बघितलं, ती पायरी चढली नाही. एका गालावर पावडर जाड थापलेली, तरी खालचा निळा डाग दिसत होता. म्हणाली, "मास्तर, मैदानावर तो उद्या फार छान करेल. पण त्याला पास करू नका."

ती अजून पायरीखालीच उभी आहे. मी दार उघडायला उठलो आहे.