नळाचं पहिलं पाणी

सोमवार, २१ मे १९७३

शुक्रवार पेठेत नवे प्लास्टिकचे पाइप टाकल्यापासून पाण्याला औषधासारखा वास येतो, अशी तक्रार होती. सकाळी नमुना घ्यायला मीच गेलो. नियमाप्रमाणे नळ दोन मिनिटं वाहू दिला, मग बाटली भरली. वास नाही. प्रयोगशाळेत येऊन 'पिण्यास योग्य' लिहून सही ठोकली.

पण ती नळावरची बाई डोक्यातून जात नाही. मी वाहू दिलेलं पाणी तिनं धावत येऊन घागरीत धरलं. म्हणाली, "सायेब, सांडू नगा की! दोन दिसांनी नळ आलाय. हे पयलं पाणीच आमी प्यायला भरतो."

दोन दिवस पाइपात साठलेलं पाणी. वास असला तर त्यालाच असणार ना? मी कसला केमिस्ट! तपासलं ते बाटलीतलं. ती पिणार घागरीतलं.