तीनशे अठरा समाधानी मतदार

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
उमेदवारी पक्की. पंचायत सदस्य, वॉर्ड दोन. चिन्ह कॉम्प्युटर मागितलं होतं, बादली मिळाली. हरकत नाही. बादली घरोघरी असते.
समोर एकच उमेदवार, पिठाच्या गिरणीवाल्या बाई. डिजिटल ज्ञान शून्य. निवडणूक एकतर्फी.
गणित साधं आहे. सहा वर्षं पंचायतीच्या खोलीत सेवा केंद्र चालवतोय. दाखला, नळजोडणी, दवाखान्याचा नंबर, सगळे ऑनलाइन अर्ज मीच भरतो. ज्यांच्याकडे फोन नाही, किंवा फोन आहे पण वाचता येत नाही, त्यांच्या अर्जावर मी माझाच मोबाइल नंबर टाकतो. असे तीनशे अठरा जण. त्यांचे ओटीपी मला, मेसेज मला. दर महिन्याला प्रत्येकाच्या नावाने कॉल येतो: सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा. मी दाबतो. तीनशे अठरा वेळा. अंगठा सुजतो, पण सत्त्याण्णव टक्के समाधान! (नऊ वेळा चुकून दोन दाबलं गेलं.)
वॉर्डात मतं पाचशे चाळीस. त्यात समाधानी तीनशे अठरा. विषय संपला.
संकल्प: उद्यापासून रोज दहा घरं, पायी.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार.
प्रचाराला निघणार होतो, तर फोनची मेमरी फुल. जुने मेसेज काढायला बसलो. न वाचलेले चौदाशे. त्यात एक आत्याच्या नावाचा.
आई गेल्यावर आत्यानेच मला लहानाचा मोठा केला. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी मार्चमध्ये मीच नंबर लावून दिला होता. मेसेज असा: उजवा डोळा, २७ ऑक्टोबर, सकाळी आठ, उपाशीपोटी यावे.
तारीख आठवड्यापूर्वीच होऊन गेली होती.
तशी चूक माझी म्हणता येणार नाही. दिवसाला शंभर मेसेज आले तर माणसाने काय काय वाचायचं? तरी मेसेज डिलीट केला नाही. हा प्रामाणिकपणा इथे नोंदवून ठेवतो.
घरं: शून्य.

५ नोव्हेंबर. सकाळी १०.
पुन्हा अर्ज करता येतो. पण आधीची तारीख का चुकली ते कारण निवडावं लागतं. रुग्ण आजारी. रुग्ण परगावी. रुग्णाचा नकार. भाच्याचा गाढवपणा असा पर्याय दिलेला नाही. खोटं कारण टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. खरं टाकायला जागा नाही. अर्ज बंद केला.
निवडणूक झाली की पहिलं काम हेच. सदस्याच्या शब्दाला वजन असतं, महिन्याची तारीख आठवड्यात मिळेल. म्हणजे एका अर्थी आत्याचं भलंच होतंय.

६ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.
आत्या दारातच बसली होती. माझी पावलं ओळखते. विचारलं, काही आलं का रे. सांगितलं, सिस्टीम स्लो आहे. म्हणाली, येईल सावकाश, तू नको जिवाला लावून घेऊ, तुझी किती धावपळ. सकाळी चहात साखर म्हणून मीठ पडलं, तेही हसत सांगितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
घरी येऊन बायकोवर उगाच ओरडलो. आमटी खारट नव्हती.

१० नोव्हेंबर, सोमवार.
गंमतच आहे. सकाळपासून गिरणीवाल्या बाईंचे फोन. अमक्याचा ओटीपी आलाय, सांगता का? तमकीचा आलाय, सांगता का? दळणाला आलेल्या लोकांची कसलीशी ऑनलाइन कामं करून देतायत म्हणे. बावीस ओटीपी सांगितले. मेसेज लांबलचक असतो, मी फक्त सहा आकडे बघतो. विरोधकाचं कामसुद्धा माझ्या फोनवाचून अडतं, यातच सगळं आलं.
बायकोने विचारलं, कशाचे ओटीपी आहेत ते वाचता तरी का. म्हटलं, पोस्टमन पत्रं वाचत बसला तर टपाल कधी वाटणार?

१३ नोव्हेंबर. दुपारी १२.
गिरणीतून आत्याचाच फोन. ओटीपी मागितला. दोन सेकंदांत दिला. कशाला हवा ते विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनेही काहीतरी विचारलं असतं. आत्याचं एक तरी काम वेळेवर केलं, जरा हलकं वाटलं.
फोन ठेवताना म्हणाली, आठ-दहा दिवस लेकीकडे जाऊन येते. ऐकून इतकं सुटल्यासारखं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. मग जेवलो.

१८ नोव्हेंबर.
फोन शांत आहे. काल नऊ मेसेज, आज चार, त्यातले दोन बायकोचे. सिस्टीम सुधारली! प्रचारपत्रकात हे यायला हवं: माझ्या कार्यकाळात सर्व्हरवरचा ताण घटला.
घरं: तीन. पैकी एक माझं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
आत्या परत आली. केंद्रावर मागच्या गल्लीने गेलो. मागच्या गल्लीतही मतदार आहेत. (एक बंद गोदाम आणि एक भिंत.)
समाधानाचा कॉल या महिन्यात बावीसच वेळा आला. बाकीच्यांना आता विचारायची गरजच वाटत नसावी.
आत्याला उद्या सांगायचं. नक्की.

२५ नोव्हेंबर.
उद्या.

२७ नोव्हेंबर.
तारीख चुकून आज बरोबर महिना झाला. महिनाभर ती बिचारी चाचपडत चूल पेटवतेय आणि मी बादलीचे बिल्ले वाटतोय. मी नीच माणूस आहे. हे लिहिल्यावर बरं वाटलं. रविवारी मतदान झालं की लगेच सांगतो.

३० नोव्हेंबर, रविवार. मतदान.
शाळेबाहेर उभा होतो. अकरा वाजता आत्या आली. काळा चष्मा, हातात काठी नाही, सोबत कोणी नाही. वीस पावलांवरून मला म्हणाली, शर्टाची बटणं वरखाली लागलीत रे. मी मुकाट्याने नीट लावली. शेवटचं बटण लावताना डोक्यात प्रकाश पडला. तोवर ती मत द्यायला आत गेली होती.
मी तिथून निघून आलो.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी २.
गिरणीवाल्या बाई चारशे अकरा. मी सदतीस.
केंद्राचं दार आतून लावून बसलो आणि महिनाभराचे ओटीपीचे मेसेज पहिल्यांदाच पूर्ण वाचले. प्रत्येकात तेच: आपला मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी ओटीपी. एकूण दोनशे शहाण्णव. एकेक माणूस स्वतःचा, मुलाचा, शेजाऱ्याचा नंबर लावून घेत होता, आणि मी फोनवर आकडे सांगत होतो. दोन-दोनदा. सावकाश. नीट ऐकू आलं ना, असंही विचारत होतो.

२ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळ.
आत्याकडे गेलो. पुढच्या दाराने.
तिने आपणहून सांगितलं. दळणाला गेली तेव्हा पीठ समजून भुसा उचलत होती. गिरणीवाल्या बाईंनी विचारपूस केली, नंबर बदलून नवा अर्ज केला. चार दिवसांत तारीख मिळाली. लेकीकडे गेली होती, तिथूनच लेक दवाखान्यात घेऊन गेली. मला कळवलं नाही, कारण माझी निवडणूक होती, उगाच जिवाला घोर नको. दवाखान्यात म्हणाले, आधी एक तारीख येऊन गेली होती. कामाच्या गडबडीत राहिलं असेल तुझं, असं आत्याच म्हणाली.
सुटकेचा दोर समोर होता. मी धरलाही. म्हटलं, त्याचं काय झालं आत्या, सिस्टीम...
तिने काळा चष्मा काढला. म्हणाली, माझ्याकडे बघून सांग. आता दिसतं मला.
सांगितलं. चार नोव्हेंबरपासूनचं सगळं, मागच्या गल्लीसकट. सांगताना रडलो. ती रडली नाही, रागावलीही नाही, मी कपात राहू दिलेला चहा तेवढा पुन्हा गरम करून आणला. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.
निघताना म्हणाली, डाव्या डोळ्याचं जानेवारीत आहे, सात तारखेला. म्हटलं, अर्ज मी आत्ताच भरतो. म्हणाली, नको, भरून झालाय. तू फक्त पहाटे साडेपाचला ये आणि मला हाताला धरून बसपर्यंत सोड. जमेल का तेवढं?
म्हटलं, हे काय विचारणं झालं.
म्हणाली, जमलं तर बरंच. गिरणीवाल्या बाईंनाही सांगून ठेवलंय.