उताणं पडण्याचं शास्त्र

१२ जानेवारी २००३, रविवार. पिंपळवंडी.
पुण्याहून परतलो. सात दिवसांचं शिबिर पूर्ण. विषय: मॉडर्न जिउ-जित्सू. जुन्या जपानी जिउ-जित्सूत ज्युदो, कराटे, ऐकिदो, बॉक्सिंग असं बरंच काही मिसळून केलेली नवी पद्धत. रोज एक कला. बुधवारी पोट बिघडल्यामुळे बॉक्सिंग हुकलं. तरी यलो बेल्ट मिळाला. सर्टिफिकेटवर 'श्री. भरत' असं ठळक अक्षरात. येतानाच लॅमिनेट करून घेतलं.

वृषालीला दाखवलं. तिने हात पुसून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, डेअरीत रजा कुठली टाकलीत. दूध सोसायटीतल्या क्लार्कच्या आयुष्यात एवढं मोठं घडतं आणि बायको रजेचा प्रकार विचारते.

संकल्प: सासरे, म्हणजे निमगाव सावाचे चांगदेव वस्ताद, चाळीस वर्षं तालीम चालवतात. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात ते माझ्याशी दोनच वाक्यं बोललेत. 'बसा पावणं' आणि 'च्या घ्या'. अवसरीच्या साडूला, गेणूला, मात्र 'पैलवान' म्हणून हाक मारतात. त्यांच्या गावच्या चैत्रातल्या जत्रेपर्यंत ती हाक मला मारतील. तारीख टाकून लिहून ठेवतोय.

१६ जानेवारी. सकाळी ७.
वृषालीवर मनगटाचं लॉक करून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिने न बघता हात सोडवून घेतला आणि भाकरी तव्यावर टाकली. मी चुलीशेजारी बसलेला आढळलो. कसा, ते नीटसं आठवत नाही.
विश्लेषण: मनगटाला पीठ होतं. पीठ सिलॅबसमध्ये नाही.

२६ जानेवारी.
क्लासचं उद्घाटन. स्थळ: सोसायटीमागची शेड. मॅट म्हणून भुसा भरलेली पोती. विद्यार्थी तीन. पैकी दोघे झेंडावंदनाच्या जिलेबीनंतर दिसले नाहीत. उरला अरिहंत, कापड दुकानदार सुभाषचंद शेठचा थोरला. वय एकतीस, वजन शंभरच्या पुढे. डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितल्यामुळे आलाय. कारण काहीही असो, निष्ठा महत्त्वाची.

बेल्ट काळा करून घेतला. अरिहंतच्याच दुकानातला रंग. तालुक्यात माझ्या वर कोणी नाही, मग पिवळा कुणासाठी ठेवायचा? घाम आला की रंग थोडा उतरतो. घाम कमी येईल अशी पद्धत बसवतोय.

९ फेब्रुवारी.
आज सर्वांत महत्त्वाचा धडा. पुण्याच्या सरांचं वाक्य: बहुतेक मारामाऱ्या शेवटी जमिनीवर येतात. यावर मी स्वतंत्र विचार केला. शेवटी जमिनीवर यायचंच असेल तर आपण आधीच का जाऊ नये? उताणं पडायचं, पाय वर, गुडघ्यांच्या मध्ये समोरच्याला घ्यायचं आणि आवळायचं. समोरच्याला वाटतं आपण जिंकलो. तिथेच तो फसतो.
अरिहंतकडून करून घेतलं. तो उताणा पडला आणि त्याला झोप लागली. इतका रिलॅक्स विद्यार्थी सरांकडेही नव्हता.

२ मार्च. निमगाव सावा.
ऐतिहासिक दिवस. सासऱ्यांच्या तालमीत प्रात्यक्षिक दिलं. आधी सासरे पोरांना कोपऱ्यात घेऊन काहीतरी बोलले. बहुधा सावध राहायला सांगितलं असणार. मग एकेक आला. एकाच्या मनगटाला हात लावला, पडला. दुसऱ्याच्या खांद्याला बोट लावलं, पडला. तिसरा नव्वद किलोचा गडी, मी हात उचलायच्या आतच पडला. स्पर्शाविना. असं सरांनासुद्धा जमत नसेल.

जाताना प्रत्येक जण म्हणाला, 'जावईबापू, लई जोर हाय तुमच्यात.' एकाचा चेहरा वेडावाकडा झाला होता. जोरात लागलं असावं. सासरे म्हणाले, 'झालं का? च्या घ्या.'
म्हणजे अकरा वर्षांत एका नव्या वाक्याची भर. सुरुवात झाली.

३ मार्च.
ठरलं. जत्रेच्या आखाड्यात उतरणार. अरिहंत म्हणाला, सर, तिथं कुस्ती असते. मी म्हणालो, असू दे.

२३ मार्च.
वृषालीला तिच्या वडिलांचा फोन. निरोप असा: 'पावण्यान्ला म्हणावं, वर मांडवात बसा, फेटा बांधतो, नारळ देतो. खाली मातीत कशाला?' घाबरलेत. तालमीची पोरं काय अवस्थेत आहेत ते त्यांनी पाहिलंय.

वृषाली म्हणाली, आखाड्यात पाठ टेकली की माणूस चितपट, एवढं तरी ध्यानात हाय ना? मी हसलो. चितपट म्हणजे काय हे मला ती शिकवणार. पण पाठ दुसऱ्याने टेकवणे आणि स्वतः विचारपूर्वक टेकणे यात फरक आहे. हा फरक समजावणारं दोन पानी पत्र जत्रा कमिटीला पोस्टाने पाठवलं. सोबत आकृती.
 मग तिने आत जाऊन फोन लावला. हळू बोलत होती.

११ एप्रिल.
आठवडाभर प्रॅक्टिस बंद. पोतं उचलताना पाठ धरली. बाम. मनातल्या मनात सराव चालू आहे आणि त्यात मी अजून एकदाही हरलेलो नाही.

१७ एप्रिल, गुरुवार. निमगाव सावा. दुपारी ३.
जोडीदार जाहीर झाला. जानकू, टेम्पोवाला, वय अठ्ठेचाळीस, सासऱ्यांचा जुना पठ्ठ्या. पंच: खुद्द सासरे. मांडवात एका ताटात माझ्या मापाचा फेटा आधीच तयार. लोकांना अंदाज येतोच. माझं पत्र कमिटीच्या टेबलावर दिसलं. आकृतीवर रेवड्या ठेवल्या होत्या. म्हणजे वाचलंय.

संध्याकाळी ६.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
शिबिराचा पांढरा युनिफॉर्म घालून उतरलो. सलामी झाली. हलगी वाजत होती. जानकू माझ्याकडे आला तो लटपटतच. पाय आधीपासून दुमडलेले, तोंड कसनुसं. मी म्हटलं, हीच वेळ. आणि शास्त्राप्रमाणे उताणा पडलो. पाय वर.

जानकू उभाच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं. मग वाकून मला उठवायला हात दिला. मी तो लॉक केला. तो म्हणत होता, 'जावईबापू, उठा. उठा लवकर, आवंदा मला पडायचं हाय.' मला वाटलं, मन विचलित करायची युक्ती.
हलगी थांबली. दोन-तीन हजार माणूस, आणि शेंगदाणे खाल्ल्याचा आवाज तेवढा येत होता. मग एक बाई हसली. मग सगळं निमगाव हसलं. सासरे आले, माझ्याकडे पाहून त्यांनी डोळे मिटले आणि जानकूचा हात वर केला. जानकू हात खाली ओढत होता.
तांत्रिकदृष्ट्या त्या क्षणी मी आघाडीवर होतो. मनगट माझ्या ताब्यात होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी.
वृषालीने सगळं सांगितलं. गावचा जावई गावात पडता कामा नये, ही इथली रीत. मार्चमध्ये तालमीतली पोरं वस्तादांच्या सांगण्यावरून पडली. फोन तिनेच केला होता. काल दोन मिनिटांनी जानकूने पडायचं ठरलं होतं. चाळीस वर्षांत वस्तादांनी खोटी कुस्ती लावली नव्हती. माझ्यासाठी लावली. जानकू आठ दिवस घरामागे पडायचा सराव करत होता. आणि मी त्याच्या आधी पडलो.
खूप वाईट वाटलं. हरल्याचं नाही. मार्चमधल्या त्या नव्वद किलोवाल्याचं.

सकाळी ८.
सासरे आले. मी घाईने उभा राहिलो, अंगात कालचाच युनिफॉर्म. आज बसा म्हणाले नाहीत. मागे येऊन माझ्या पाठीवरची कालची माती हाताने झाडली. पांढऱ्या युनिफॉर्मवरचा लाल डाग जात नव्हता, तरी झाडत राहिले. कमरेला बेल्टचा काळा पट्टा उमटला होता, तोही पाहिला. म्हणाले, 'चाळीस वर्सं पोरान्ला पाडायला शिकवलं. आपल्या पायानं येऊन पडलेला तू पयला.' तू म्हणाले. मग म्हणाले, 'भरत, फावडं घे. तालमीची माती उकरायचीय.'

च्या घ्या नाही, फावडं घे. जावयाच्या हातात इथे कोणी फावडं देत नाही. म्हणजे माझं जावईपण संपलं, आणि पैलवान तर अजून झालो नाही.

सकाळी ९.
एक कोपरा उकरला आणि पाठ पुन्हा धरली. तालमीत उताणा पडून लिहितोय. मघाशी जानकू दारातून डोकावला. वस्ताद आसपास नाहीत हे बघून आत आला, हात दिला आणि म्हणाला, 'आता तरी उठता का?'
म्हटलं, थांब जरा. हे पडणं खरं आहे.