लालासाबची गदा

आदरणीय दाजी,

हंबीररावचा पुण्यापर्यंत पोहोचेल असा दंडवत. आक्का बरी असेल, तुमचा गुडघाही ताळ्यावर आला असेल. इकडं म्हशी दूध देताहेत, आणि आपल्या गोल्फ क्लबाला वर्ष झालं.

तुम्ही काठ्यांची पिशवी घेऊन आलात आणि आमच्या तालमीच्या पोरांनी (सगळ्यात लहान पोर पन्नाशीचं) माळावर क्लबच काढला. नारळ फुटला, मारुतीचा फोटो लागला, गवत खायला म्हशी सोडल्या. पहिल्या स्पर्धेला गदा ठेवली, कारण आमच्याकडं बक्षीस म्हणजे गदाच. लालासाब पंक्चरवाल्यानं दुपारपर्यंत टोल्यांवर टोले हाणले. त्याच्याएवढे कुणाचेच भरले नाहीत, म्हणून त्याला खांद्यावर घेऊन हलगीवर मिरवला. तुमचे सगळ्यांत कमी. तुम्ही म्हणालात, कमी टोल्यांत चेंडू खड्ड्यात घालतो तोच जिंकतो. आता चितपट झालेला पैलवान काय काय सांगतो ते आम्ही जन्मभर ऐकलेलं. आम्ही हसलो, तुम्ही जेवण टाकून गेलात (पांढरा रस्सा टाकलात तो टाकलात, तांबडाही!).

परवा कागल एमआयडीसीतले साहेब आले. बोर्डावर विजेत्याचे टोले वाचून त्यांना ठसकाच लागला. नियम तुमचाच खरा निघाला. आता हे लालासाबला सांगणार कोण? त्याच्या आईनं, सुलतानबीनं, गदा दुकानात टायरांच्या वर टांगलीय. गिऱ्हाईकाला आधी गदा दाखवते, मग पंक्चर.

बाकी मजेत आहोत.

तुमचा मेहुणा,
हंबीरराव

ता. क. रविवारी साहेबांच्या संघाशी सामना आहे. कमी टोल्यांत खेळणारे आमच्यात तुम्ही एकटेच. पिशवीसकट या. लालासाबला मात्र सांगायचं, सहज आलो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला लालासाबच्या दुकानात गेलो (पंक्चरचं सोल्यूशन झकास चिकटतं), तर त्यानं पत्र वाचलंच. म्हणाला, "मला साहेबांनी सांगिटलंया की. गदा दाजींचीच हाय. फकस्त आईला कळू दिऊ नगासा." बाहेर पडलो, तर सुलतानबीनं कोपऱ्यावर गाठलं. "गदा दाजींची हाय व्हय, मला कवाच कळलंया. पर लेकाला सांगू नगासा."

तेव्हा दाजी, या, जिंका, दोन्ही रस्से पोटभर प्या. गदा तेवढी मागू नका.